शेपूट कुठल्या बाजूला?

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि इमारत, प्रार्थना, स्नेहसंमेलन यांतलं काहीच डोळ्यांसमोर आलं नाही. आले ते थेट सर. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे वाईकरांना सांगायला नको. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

मार्च 1986. मी नववीत. हॅलेचा धूमकेतू आला होता आणि सरांनी आम्हां पंधरा-वीस पोरांना पहाटे साडेचारला ढोल्या गणपतीच्या घाटावर बोलावलं होतं. वैराटगडाच्या अंगाला बोट दाखवून ते एकेकाच्या हातात दुर्बीण देत होते. जो तो “दिसला, दिसला!” म्हणत होता. मला काही म्हणता काही दिसलं नाही. तरी मीही “दिसला” म्हणालो.

“शेपूट कुठल्या बाजूला?”

“खाली सर. डोंगराकडे.”

“बरं,” म्हणाले आणि दुर्बीण पुढच्याला दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात सायकलची घंटी वाजली. अण्णांना वाटलं, कुणीतरी गेलं. बघतो तर सर, एकटेच. वाटेत एवढंच म्हणाले, “धूमकेतूचं शेपूट कायम सूर्याच्या उलट दिशेला. सूर्य अजून डोंगराखाली आहे, मग शेपूट खाली कसं असेल?” खोटं बोललास, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. त्या दिवशी मात्र दिसला. पिंजलेल्या कापसाला फुंकर मारावी तसा पुसट, शेपूट वर. पेपरांनी केलेल्या गाजावाजाच्या मानानं किरकोळच होता, हेही सांगून टाकतो.

“परत कधी येणार, सर?”

“2061. जुलैच्या अखेरीस. तू नव्वदीचा असशील. इथं पाऊस असेल, सरळ दहिवडीकडे, कोरड्या पट्ट्यात जा. आणि नातवंडांना शेपूट नीट सांग.”

सर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. आम्हांला तर पार म्हातारे वाटायचे. आज मी पंचावन्नचा आहे!

निवृत्तीनंतर ते मोडी शिकले, विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसून. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मोतीबिंदू काढला, त्यानंतर आठवड्याभरात रात्री मला फोन. मी घाबरलोच. तर म्हणाले, “अरे, चित्राची चांदणी निळसर आहे! मी इतकी वर्षं पोरांना पांढरी शिकवली. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना कळव.” मी खरंच सात-आठ जणांना फोन केले.

पाटबंधारे खात्यात मी कार्यकारी अभियंता झालो, याचा सरांना कोण अभिमान! आमच्या कचेरीत पन्नाशी उलटली की माणूस ‘आता काय, एवढीच वर्षं राहिली’ हा पाढा सुरू करतो. मी तर पंचेचाळिशीतच सुरू केला होता. 2016 च्या दिवाळीत सरांना भेटायला गेलो तेव्हा ते अंथरुणालाच होते. बोलता बोलता म्हणालो, “आता या वयात नवीन काय शिकायचं, सर?” त्यांनी उशीवरूनच बोटं मोजली. “2061 ला अजून पंचेचाळीस वर्षं आहेत. तू आत्ता कुठं निम्म्यावर आलायस.” आणि चहा घ्यायला लावला. पुढच्या वर्षी सर गेले. मी त्याच हिवाळ्यात मोडीच्या वर्गाला नाव घातलं. अजून ‘झ’ चुकतो.

गेल्या महिन्यात पहाटे घाटावर जाऊन आलो. आता तिथं इतका लखलखाट असतो की चित्रासुद्धा शोधावी लागते. कुणाला त्याचं काही वाटत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

समितीला एक विनंती. सरांची दुर्बीण अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. डाव्या भिंगाला बुरशी धरली आहे. दुरुस्तीचा खर्च माझा. अमृतमहोत्सवाच्या गडबडीत कुणी ती भंगारात काढू नये. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी येतोच आहे, कपाटाची चावी तेवढी काढून ठेवा.