इटलीच्या द्राक्षमुलुखात, वाइन न घेता

लांगे, क्यांती, वाल्पोलिचेल्ला. इटलीच्या या द्राक्षांच्या मुलुखात फिरताना वाइन घ्यायची नसेल, तर बहुतेक जण कोकवर वेळ मारून नेतात. खरं तर तशी गरजच नाही. जेवणाआधी काहीतरी थंड, कडवट पिऊन भूक चाळवायची ही इटलीची मुरलेली रीत आहे, आणि त्यासाठीची बिनदारूची पेयं तिथल्या अगदी साध्या बारमध्येही कित्येक दशकांपासून मिळतात. वाइनची नक्कल शोधत बसण्यापेक्षा तीच मागावीत.

कामाचा शब्द ‘आनाल्कोलिको’, म्हणजे बिनदारूचं. पण एवढंच म्हटलं तर बरेचदा फळांचे रस आणि सिरप यांचं गोडमिट्ट मिश्रण समोर येतं. म्हणून पुढे ‘आमारो’, म्हणजे कडू, जोडा. त्याहून बरं म्हणजे थेट नाव घ्या. क्रोदिनो हे केशरी रंगाचं पेय पिएमोंतेच्या उत्तरेकडच्या क्रोदो गावचं. त्याची 10 सेंटीलिटरची, म्हणजे 100 मिलीची, इवलीशी बाटली बर्फ आणि संत्र्याच्या फोडीसोबत देतात. सानबित्तेर तेवढंच, पण लालभडक आणि जरा जास्त कडवट.

इथे एक फसगत होते. काम्पारी सोडा हीसुद्धा लाल रंगाची, 9.8 सेंटीलिटरची चिमुकली बाटली, पण तिच्यात 10 टक्के अल्कोहोल असतं. नुसतं ‘बित्तेर’, म्हणजे कडवट पेय, मागितलं की वेटर कोणतीही आणू शकतो. बाटली टेबलावर, आपल्यासमोर उघडायला सांगा आणि आकडा वाचा.

गार्दा सरोवराकाठी असाल, म्हणजे बार्दोलिनो किंवा लुगानाच्या वाइनच्या पट्ट्यात, तर चेद्राता चुकवू नका. पश्चिम काठावरच्या सालो गावच्या तास्सोनी कंपनीची पिवळी चेद्राता 18 सेंटीलिटरच्या खडबडीत काचेच्या बाटलीत येते. ‘चेद्रो’ म्हणजे आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. सालीचा तो दाट सुवास पहिल्याच घोटात ओळखू येतो. ही गोड असते, त्यामुळे जेवणासोबत नको, दुपारी घ्या. लांगेमध्ये किनोत्तो मागा. तो दिसतो कोलासारखा काळा, पण लिगुरियातल्या सावोना भागात पिकणाऱ्या लहान कडू संत्र्याची चव मागे रेंगाळते. कडवटपणा आवडणाऱ्यांसाठी या सगळ्यांत तोच सर्वांत चांगला, असं माझं ठाम मत आहे.

जेवताना मात्र पाणीच. ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रित्सान्ते’ म्हणजे बुडबुड्यांचं. चीज, सलामी, तेलातले पदार्थ यांच्यासोबत फ्रित्सान्ते घ्या. वाइनचा आंबटपणा जिभेवरची चरबी कापतो, तेच काम थोडंफार हे बुडबुडे करतात. गोड सोडा घेतला तर पदार्थाची चव झाकली जाते.

द्राक्षाचा रस हवा असेल तर लेबलवर ‘सुक्को दूवा’ शोधा. ‘मोस्तो पार्त्सियाल्मेन्ते फेर्मेन्तातो’ असं लिहिलेलं असेल तर तो रस अर्धवट आंबवलेला, म्हणजे अल्कोहोल आलंच. सप्टेंबरच्या तोडणीत एखाद्या ठिकाणी ताजा मोस्तो, म्हणजे न आंबलेला द्राक्षरस, चाखायला मिळतो. तो गाळल्या गाळल्या, थंड असतानाच प्यावा, कारण यीस्ट द्राक्षाच्या सालीवरूनच रसात उतरतं आणि उबेत लवकर आंबायला सुरुवात होते. जिभेला चुरचुर लागली की थांबा. मोस्कातो दास्ती ही वाइन ‘अगदी हलकी’ म्हणून पुढे करतात. हलकी खरी, पण तिच्यातही साधारण 5 टक्के असतंच.

बिनअल्कोहोलची बारोलो किंवा क्यांती क्लासिको मागू नका, ती नसतेच. युरोपीय संघाच्या 2021च्या नियमानुसार अल्कोहोल काढलेली वाइन म्हणजे जास्तीत जास्त 0.5 टक्के, आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वाइनमधून ते पूर्णपणे काढायला परवानगी नाही. बिअरचंही लक्षात ठेवा. इटलीच्या कायद्यात ‘बिर्रा आनाल्कोलिका’मध्ये 1.2 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल चालतं. धर्मामुळे, औषधांमुळे किंवा गरोदरपणामुळे थेंबही नको असेल, तर बाटलीवर 0.0 पाहूनच घ्या.

वाइनरीला भेट द्यायची तर बुकिंगच्या मेलमध्येच लिहा: ‘नोन बेवो आल्कोलिची, पोस्सो फारे सोलो ला विझिता?’ मी मद्य घेत नाही, नुसती भेट देता येईल का? भेटीच्या शुल्कात बहुधा चाखायच्या ग्लासांचे पैसे धरलेले असतात, म्हणून सवलतीचं तेव्हाच विचारा. ग्लास भरल्यावर दोघांनाही अवघड होतं. क्यांतीत अनेक वाइनरींच्या जैतुनाच्या बागाही असतात, तर वाइनऐवजी तेल चाखायला मागा. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा नव्या तेलाचा काळ. घशाला ठसका लागला तर ते तेल ताजं असल्याचं लक्षण.

गोडाच्या वेळी पुन्हा सावध राहा. तिरामिसूत मार्साला ही कडक वाइन असू शकते, झाबायोने या अंड्याच्या क्रीममध्ये बहुतेक असतेच; व्हेनेतोतलं स्ग्रोप्पिनो लिंबाचं सरबत वाटतं, पण त्यात प्रोसेक्को ही बुडबुड्यांची वाइन आणि व्होडका असते. ‘काफे कोर्रेत्तो’ म्हणजे ग्राप्पा ही द्राक्षाची कडक दारू घातलेली कॉफी. रात्री कॉफी नको असेल तर ‘ओर्झो’ मागा, भाजलेल्या जवाची.

आणि सिसिलीतल्या एत्ना ज्वालामुखीच्या उतारावरचे मळे बघायला गेलात तर कातानियाच्या चौकांतले किओस्क शोधा. ‘सेल्त्स लिमोने ए साले’ म्हणजे ताजं लिंबू, मीठ आणि जोरदार सोडा, आपल्या खाऱ्या लिंबूसोड्याचं सख्खं भावंडच. मीठ पडताच फेस उसळून वर येतो, म्हणून ग्लास हातात आल्या आल्या, तिथेच उभ्या उभ्या संपवायचा.