कॉक रिझर्व्हवरच होता

पहाटे साडेपाचला झिरो माईलच्या दगडी घोड्यांपाशी आम्ही चौघं जमलो, तेव्हा डिसेंबरचा गारठा हातमोज्यांतून बोटांत शिरत होता. माझ्या 1984 च्या राजदूत 350 ला मी चौथी किक मारली. निळसर धुराचा लोट उठला, आणि मामांनी मफलर नाकावर ओढत विचारलं, "भाचेबुवा, ॲव्हरेज किती देते हे?"

"बावीस."

"बावीस," मामा हळूच म्हणाले. ओळखीतलं कुणी गेल्याचं कळल्यावर माणूस बोलतो त्या आवाजात.

ठरलं होतं पचमढी. नागपूरकरांना पचमढी नवी नाही. जुन्या सी.पी.-बेरारचं, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून तिथेच जाऊन बसायचं, आणि महाशिवरात्रीला आपल्या विदर्भातली गावंच्या गावं त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडच्या महादेवाला जातात. मामाही तरुणपणी दोनदा गेलेले. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा रस्ता, अडीचशेच्या आसपास किलोमीटर. मामांची 1997 ची स्प्लेंडर, आमच्या डॉक्टर मित्राची वडिलोपार्जित बुलेट, मामेभावाची 390 ड्यूक आणि माझी ही धूर ओकणारी म्हातारी. अशी वरात एकत्र काढायची कल्पना माझीच. घरच्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, भांडून येऊ नका.

आता या म्हातारीबद्दल थोडं. एस्कॉर्ट्सने यामाहाशी हात मिळवून 1983 मध्ये ही भारतात आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीची हाय टॉर्क गाडी 30.5 बीएचपीची. रस्त्यावरच्या बाकी मोटारसायकली ताकदीत हिच्या बऱ्याच मागे होत्या त्या काळात. पण आपल्याकडच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिला नाही, ड्रमच दिला, म्हणजे पळायला चित्ता आणि थांबायला बैलगाडी. लोक पेट्रोलच्या नावानं ओरडले तेव्हा कंपनीने ताकद 27 वर आणून लो टॉर्क काढली. तरी ओरड थांबली नाही. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 'फिल इट, शट इट, फरगेट इट' म्हणत, आणि देशानं आपला कौल देऊन टाकला. मामा त्या कौलातले. मी नाही.

कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या आणि उजाडलं. सावनेरला तर्री पोह्याला थांबलो. लाल तर्री, त्यावर शेव, कांदा आणि हिरवागार सांबार (पुण्याच्या मंडळींनी घाबरू नये, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो). मामांनी प्लेट संपवली आणि खिशातून एक लांबट डायरी काढली. प्लॅस्टिकचं कव्हर, कडा काळपटलेल्या. त्यात तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, काय भाव आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. गाडी घेतल्यापासूनचा एकही पंप सुटलेला नाही.

मामेभाऊ हसला. "बाबा, हे कोण वाचणार आहे?"

"तू नको वाचू," मामा म्हणाले आणि मला एक पान दाखवलं. एका आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला. 78.4. "वर्ध्याहून येत होतो. वारा मागून होता. पन्नासच्या वर काटा जाऊच दिला नाही मी. बुटीबोरीपर्यंत एकदासुद्धा गिअर बदलला नाही, मालूम?"

सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. मी ओळखली ती चमक. टॅकोमीटरचा काटा पाच हजारांच्या पुढे सरकतो तेव्हा माझेही डोळे असेच होत असणार. आजवर मला वाटायचं, मामा पैसे वाचवतात. पैशाचा काही संबंधच नव्हता. मामा रेस लावत होते, फक्त उलट्या दिशेनं.

सौंसरच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे ढीग लागतात. रामाकोना मागे टाकलं की सिल्लेवानीचा घाट. इथे प्रत्येकाची गाडी आपापल्या भाषेत बोलायला लागली.

डॉक्टरची बुलेट साठच्या वर जात नाही, म्हणजे तो नेत नाही. जुनी आहे, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. म्हणून तो ती कुणाच्या हातात देत नाही. वळणावर घाबरून माणूस ब्रेक समजून गिअर दाबतो आणि मग काय व्हायचं ते होतं. त्याला घाट चढताना फक्त तो धडधड आवाज हवा असतो. "रोज दिवसभर दुसऱ्यांच्या छातीचे ठोके ऐकतो," तो एकदा म्हणाला होता, "आठवड्यातून एकदा हे ऐकू दे ना बे." यावर काय बोलणार?

आणि मी. टू-स्ट्रोकबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार-साडेचार हजार आरपीएमपर्यंत ही गाडी अगदी गरीब. थोडी कुरकुरते, थोडी खोकते. वळणाआधी तिसरा टाकला, वळण सुटता सुटता मूठ पिळली, काटा पाचाच्या पुढे गेला की आवाजाचा पोतच बदलतो. खोकला थांबतो, गळा मोकळा होतो आणि कुणीतरी मागून कॉलर धरून पुढे ढकलल्यासारखं वाटतं. ही चार-पाच सेकंदांची गोष्ट. तेवढ्यासाठी उरलेला सगळा धूर, किका, काळे झालेले प्लग आणि बावीसचा ॲव्हरेज. हिशेबात हे कुठेच बसत नाही आणि मी तो बसवायचा प्रयत्नही सोडून दिलाय.

चौथ्या की पाचव्या वळणावर मामेभाऊ बाजूने निघून गेला. 373 सीसीचं एक सिलिंडर, 43 बीएचपी, पुढे-मागे डिस्क. वळणात मी जिथे ब्रेक धरायला लागायचो, त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन तो धरायचा. टू-स्ट्रोकला मूठ सोडली तरी इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार त्या बिचाऱ्या ड्रमवर. उतारावर तर मी मामांच्याही मागे पडलो. उमरानाल्याला चहाच्या टपरीवर पोट्टा, म्हणजे मामेभाऊ, काही बोलला नाही, नुसता गालात हसत होता. बोलला असता तर बरं झालं असतं.

छिंदवाड्याला पंपावर गर्दी होती. माझ्या गाडीचा ऑइल पंप आधीच्या मालकाने काढून टाकलाय, त्यामुळे दर वेळी पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मोजून मिसळावं लागतं. लिटरला तीस एमएल, त्यासाठी खोकल्याच्या औषधाचं टोपण जवळ ठेवतो. रांगेत उभं राहून, मागच्यांचे हॉर्न ऐकत हे सगळं करायचा कंटाळा आला. निघताना नऊ लिटर होतं, वर रिझर्व्ह आहेच. पुढे बघू. मामा म्हणाले, "भरून घे." मी म्हणालो, "आहे मामा."

तामियाला दरीच्या कडेला उभं राहिलं की पातालकोटच्या बाजूचा तो सगळा खोल निळा मुलूख दिसतो. थंडीत सकाळी दरीत धुकं साचलेलं असतं, पण आम्ही पोचेपर्यंत ते विरलं होतं. फोटोत काहीच येत नाही, पाहायलाच पाहिजे.

तामियाच्या पुढे आठ-दहा किलोमीटरवर, भर जंगलात, गाडीनं एक आचका दिला. मी सवयीनं डावा हात खाली नेला, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवायला, म्हणजे तळाचं राखीव पेट्रोल सुरू करायला. फिरेना. कारण तो रिझर्व्हवरच होता. महिन्याभरापूर्वी काटोल रोडवर असाच फिरवला होता आणि परत आणायचा राहिला होता. म्हणजे सिल्लेवानीत जी ऐट केली ती कॉक रिझर्व्हवर ठेवूनच. गाडी थोडी घरंगळली आणि थांबली. एवढी शांतता झाली की वाळलेलं सागाचं पान पडल्याचाही आवाज आला.

पोट्टा केव्हाच पुढे गेलेला. डॉक्टर मागे. पाच मिनिटांत ओळखीची घरघर आली. मामा थांबले, हेल्मेट काढलं, कॉककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं" म्हणतील म्हणून मी तयारीत होतो. ते म्हणाले, "बाटली काढ."

पाण्याची रिकामी बाटली. स्प्लेंडरच्या सीटखालून पक्कड निघाली. मामांनी कॉकची क्लिप दाबली, पेट्रोलचा पाइप अलगद ओढला, बाटलीचं तोंड खाली लावलं आणि कॉक उघडला. करंगळीएवढी धार. मामा बाटली उजेडाकडे धरून पाहत होते. लिटरभर झाल्यावर कॉक बंद केला, पाइप बसवला, क्लिप दाबली, बोट फिरवून गळती पाहिली. एक थेंब जमिनीवर पडला नाही. मी खोकल्याच्या टोपणाने तीस एमएल ऑइल मोजलं, बाटलीत ओतलं आणि हलवायला लागलो.

"लहान लेकराच्या दुधासारखं करून राहिला," मामा म्हणाले.

"लेकरूच आहे."

किक मारल्या. सहाव्या किकेला सुरू झाली. मामा काही वेळ ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "चालवून पाहू का?"

मला घाम फुटला, खरं सांगतो. पण नाही कसं म्हणणार? ब्रेकबद्दल दोनदा बजावलं. मामा गेले. आधी ती खोकणारी टणटण ऐकू आली, मग वळणापलीकडे एकदाच, जेमतेम दोन सेकंद, तो मोकळा गळा. मग एकदम शांत. परत आले ते तिसाच्या स्पीडने, दोन्ही पाय जमिनीजवळ धरून.

"भूत आहे हे," उतरताना म्हणाले. हात थोडे थरथरत होते. "मस्त आहे. मले नाही पायजे."

"का हो?"

"पायजेच नाही. तुले पायजे ना? मग झालं." आणि स्प्लेंडरवर बसून पुढे निघूनही गेले.

पुढच्या पंपावर टाकी पूर्ण भरली, कॉक ऑनवर आणला आणि दोनदा हात लावून खात्री केली. मटकुलीपासून पचमढीचा घाट आम्ही चौघं एकामागोमाग चढलो, पुढे मामा. म्हणजे पन्नासच्या खाली. देनवा नदीची दरी डावी-उजवीकडे दिसत राहिली आणि माझं इंजिन पूर्णवेळ खोकत राहिलं. प्लग काळे होणार हे दिसत होतं. पोट्ट्याला मात्र एवढ्या सावकाश गाडी चालवताना गिअर सापडेनात.

रात्री जेवणानंतर खोलीत मामांनी चष्मा लावून डायरी उघडली. पचमढीत शिरताना पंपावर त्यांनी टाकी भरून घेतली होती. भागाकार केला, थांबले, आकडा खोडला आणि पुन्हा केला. मी वाकून पाहिलं. शेवटच्या रकान्यात 71.2 होतं, आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात: 'भाचा, 1 लि. वजा.'