विमान मोडमध्ये सोडवलेली चाचणी

बेळगावातील एका पदवी महाविद्यालयात मूडल ही अध्यापनप्रणाली सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. ऑक्टोबर 2024 च्या 4.5 आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय मूळ प्रणालीतच आली आणि एप्रिल 2025 च्या 5.0 आवृत्तीत ओलामाच्या (भाषा-मॉडेल आपल्याच यंत्रावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आधारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल स्वतःच्याच सर्व्हरवर चालवणे सोपे झाले. ही नवलाई सर्व प्राध्यापकांना एकदा दाखवावी, असे प्राचार्यांनी सुचवले. मी चाचणीच्या सर्व्हरवर 5.0 आवृत्ती बसवून एक छोटे मॉडेल जोडले.

प्रत्यक्षात घसाऱ्यावरील मराठी धड्याचा सारांश आला तो हिंदीच्या वळणाचा, आणि त्याच धड्याच्या कन्नड प्रतीचा सारांश अर्धा इंग्रजीत. सभागृहात हशा पिकला. सर्व्हरची कुवत वाढवून मोठे मॉडेल घेतले तर निकाल सुधारेल हे खरे. पण त्यासाठी पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न उरतोच.

तेवढ्यात वाणिज्य विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, हे राहू द्या. जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलांना पावसाळ्यात घरून चाचणी सोडवता येईल का, तेवढे सांगा." खानापूर तालुक्याच्या त्या जंगलपट्ट्यात पाऊस लागला की नेटवर्कचा भरवसा नसतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. नेटवर्क नसताना चाचणी सोडवण्याची सोय मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये पूर्वीपासूनच आहे, पण आमच्याकडे ती कोणी वापरलेली नव्हती.

मी ताळेबंदावरील चाचणीत ऑफलाइन परवानगी दिली आणि समोरच बसलेल्या एका विद्यार्थिनीला ती फोनवर उतरवून घ्यायला सांगितले. तिने विमान मोड लावला, सर्व प्रश्न सोडवले आणि "सादर करा" दाबले. पडद्यावरील निकालपत्रकात तिच्या नावापुढे काहीच नव्हते. तिने विमान मोड काढून समक्रमणाचे बटण दाबताच तिचे गुण उमटले. तिच्या शेजारी बसलेल्या, गोकाकच्या मुलाने तीच चाचणी कन्नडमध्ये सोडवली, कारण बहुभाषिक फिल्टर (वाचणाऱ्याने निवडलेल्या भाषेतलाच मजकूर दाखवणारी सोय) लावून मॅडमनी प्रत्येक प्रश्न दोन्ही भाषांत लिहून ठेवला होता. (हा फिल्टर मजकुराबरोबर शीर्षकांनाही लावावा लागतो, नाहीतर अभ्यासक्रमाच्या नावात दोन्ही भाषा एकापाठोपाठ एक दिसतात.)

इतिहासाच्या सरांची शंका रास्त होती: "वेळेची मर्यादा घालता येते का?" येत नाही, ऑफलाइन चाचणीला वेळेचे बंधन चालत नाही, आणि अभिप्रायही चाचणी सादर केल्यानंतरच मिळेल अशी पद्धत निवडावी लागते. "मग परीक्षा कसली?" असे ते म्हणाले, तेव्हा मॅडम तत्काळ उत्तरल्या, "परीक्षा नव्हे हो, सराव." माझेही मत तेच आहे, अंतर्गत गुणांसाठी ही सोय वापरणे धोक्याचे ठरेल.

अखेर 4.5 हीच आवृत्ती ठेवायचे ठरले, कारण दीर्घकालीन आधार असलेल्या या आवृत्तीला ऑक्टोबर 2027 पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत. 5.0 मधील, अनेक अभ्यासक्रमांत सामायिक वापरता येणाऱ्या प्रश्नपेढीचा मोह मात्र मॅडमना सुटलेला नाही, त्यामुळे पुढील अद्ययावतीकरणाचा आग्रह त्यांच्याकडूनच येईल. कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय तूर्त बंद आहे, आणि वाणिज्य विभागाने उरलेल्या प्रश्नांचे दोन्ही भाषांतील लेखन हाती घेतले आहे.