तुम्ही विचारलंत म्हणून : माद्रिदला आल्यावर बुलफाइट बघायची का?

मी माद्रिदमध्ये राहते. मे महिन्यात सान इसिद्रोचा उत्सव सुरू झाला, की पुण्या-मुंबईहून येणारे हमखास विचारतात, "लास व्हेंतासच्या रिंगणात बुलफाइट असते म्हणे. बघायची का?"

नका बघू.

मी बघितलेली आहे. एका संध्याकाळी तीन मातादोर (बैलाशी लढून त्याला शेवटी मारणारे), सहा बैल. एकेक बैल वीसेक मिनिटांत संपतो. सुरुवातीला घोड्यावरचा पिकादोर बैलाच्या मानेवरच्या उंचवट्यात भाला खुपसतो. त्याने मान खाली येते, आणि ती खाली आल्याशिवाय मातादोरला शेवटी शिंगांवरून तलवार घालता येत नाही. मग रंगीत कागद गुंडाळलेल्या, टोकाला आकडा असलेल्या काठ्या खांद्यांत रोवतात. बैल धावला की त्या एकमेकींवर आपटत राहतात. लाल कापडाचे जे देखणे फोटो आपण बघतो, ते ह्यानंतरचे. तलवार पहिल्या घावात बसेलच असं नाही. बैल तोंड उघडं टाकून उभा असतो, पुन्हा घाव. मेला की खेचरं त्याला ओढून नेतात, मग माणसं वाळू सपाट करतात आणि पुढचा बैल सोडतात.

"नाही आवडलं तर उठून येऊ," असं काहीजण म्हणतात. बैल रिंगणात असताना जागा सोडायची परवानगी नसते. तो मरेपर्यंत बसावंच लागतं.

ही त्यांची संस्कृती, हे खरं. पण स्पेनच्याच कानारी बेटांवर १९९१ पासून बुलफाइट बंद आहे. बार्सिलोना ज्या प्रांतात आहे, त्या कातालोनियाच्या संसदेने २०१० मध्ये बंदी घातली. घटनात्मक न्यायालयाने ती २०१६ मध्ये रद्द केली, तरी बार्सिलोनात बुलफाइट पुन्हा झाली नाही. स्पॅनिश लोकांतच एवढे मतभेद असताना, पाहुण्याने तिकीट नाकारणं हा स्पेनचा अपमान होत नाही.

आपल्या बैलगाडा शर्यतींचा दाखलाही मिळतो. शर्यतीबद्दल वाद आहेतच, पण शर्यतीतला बैल गोठ्यात परत येतो. इथे जीवदान मिळतं ते क्वचित एखाद्याला. हे बैल चार-पाच वर्षं मोकळ्या कुरणात वाढतात, खाटिकखान्यातल्या जनावरापेक्षा चांगलं जगतात, हा मुद्दा मला पटतो. तरीही इथे मरण हाच कार्यक्रम आहे आणि तिकीट त्याचंच आहे.

लास व्हेंतासची लाल विटांची इमारत मात्र सुंदर आहे. १९३१ साली सुरू झालेलं हे रिंगण दिवसा आतून फिरून बघता येतं, आणि मेट्रोचं स्टेशन दारातच आहे.