नाण्यावर बोली किती लावावी? तुम्ही विचारलेत म्हणून

माझ्याकडची नाणी पाहायला येणारे बहुतेक जण निघताना एक प्रश्न हमखास विचारतात: ऑनलाइन लिलावात बोली नेमकी केव्हा आणि किती लावायची? सगळे कौशल्य शेवटच्या अर्ध्या मिनिटात असते, अशी समजूत या प्रश्नामागे असते. माझे मत याच्या उलट आहे. माझा आकडा लिलाव सुरू होण्याआधीच ठरलेला असतो आणि तो ठरतो जुन्या लिलावांच्या नोंदी वाचून.

मी मुख्यतः शिवराई जमवते, म्हणून उदाहरणही तिचेच देते. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकापासून ओळखले जाणारे हे तांब्याचे नाणे; एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुढे पेशवाईत ते इतक्या ठिकाणी पाडले गेले की अक्षरांचे वळण, ठिपक्यांची कड आणि मधल्या रेषा यांवरून त्याचे असंख्य प्रकार झाले. मधे दोन रेषा असलेली दुदांडी शिवराई आजही तुलनेने स्वस्तात मिळते. मात्र सर्व अक्षरे आणि ठिपक्यांची कड नाण्यावर पूर्ण उतरली असेल, तर तिच्यासाठी कितीतरी जास्त मोजावे लागते. त्यामुळे ‘शिवराईचा भाव काय?’ या प्रश्नाला उत्तर नाही. त्या प्रकारच्या आणि त्या स्थितीतल्या नाण्यावर पूर्वी हातोडा कितीला पडला, एवढेच विचारता येते.

त्यासाठी मी वही ठेवते. मुंबई, अहमदाबाद आणि बंगळुरू येथील लिलावगृहांच्या सूची इंटरनेटवर पाहता येतात, परदेशातले निकाल एसीसर्चसारख्या लिलाव-नोंदींच्या ऑनलाइन संग्रहांत सापडतात. लॉटचा (म्हणजे लिलावात एका बोलीला ठेवलेल्या नाण्याचा किंवा नाण्यांचा) क्रमांक, वजन, छायाचित्र, सुरुवातीची किंमत आणि अंतिम बोली मी लिहून ठेवते. जे लॉट विकलेच गेले नाहीत, तेही टिपते. एखादा मोठा आकडा दिसला की नवखा संग्राहक त्यालाच भाव समजतो, पण तो आकडा त्या दिवशी त्या नाण्यासाठी दोन माणसे अडून बसली होती इतकेच सांगतो. तेच नाणे पुढच्या लिलावात सुरुवातीच्या किमतीलाही उठले नाही, तर ती नोंद मला अधिक मोलाची वाटते.

नोंदींपेक्षाही जास्त वेळ मी छायाचित्रांना देते. शिवराई हाताने ठसा मारून पाडलेली असल्यामुळे तिची दोन नाणी हुबेहूब सारखी नसतात. ठसा कुठे सरकला, कड कुठे चिरली, हे प्रत्येकीचे वेगळे असते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी विकले गेलेले नाणे आज पुन्हा समोर आले, तर ते ओळखता येते आणि तेव्हाची किंमतही समजते. याची दुसरी बाजू फार महत्त्वाची आहे. वेगवेगळ्या दोन लॉटमधल्या नाण्यांवर ठसा तितकाच सरकलेला आणि खोच त्याच जागी असेल, तर त्यांतले निदान एक तरी साच्यातून ओतलेले नकली नाणे असल्याचा दाट संशय घ्यावा. अशा वेळी वजन पाहावे, कडेवर ओतकामाची रेघ आहे का ते पाहावे, आणि कडेचे छायाचित्र नसेल तर विक्रेत्याकडे मागावे. ते मिळाले नाही, तर मी बोली लावत नाही.

आता प्रत्यक्ष बोली. बहुतेक ठिकाणी आपली कमाल बोली आधी नोंदवता येते आणि त्या मर्यादेपर्यंत आपली बोली गरजेपुरतीच आपोआप वाढत जाते. समजा, मी ७,५०० रुपये नोंदवले, दुसऱ्या कोणाची कमाल ६,००० आहे आणि बोली वाढवण्याचा टप्पा २५० चा आहे, तर नाणे मला ६,२५० ला मिळते. दोघांची कमाल सारखीच असेल, तर सहसा आधी नोंदवणाऱ्याला प्राधान्य मिळते. ईबेसारख्या ठिकाणी वेळ ठरल्या क्षणी संपते, म्हणून इतरांना विचार करायला अवधी मिळू नये यासाठी अनेक संग्राहक अखेरच्या सेकंदांत बोली टाकतात आणि तिथे ते योग्यच आहे. पण नवी बोली येताच मुदत वाढवणाऱ्या लिलावांत त्याचा काहीच उपयोग होत नाही.

अंतिम बोलीवर लिलावगृहाचे कमिशन, कर आणि टपालखर्च येतो. तो किती, हे अटींमध्ये दिलेले असते. ही भर २० टक्के असेल आणि माझी ऐपत १०,००० ची असेल, तर माझी बोली ८,३०० च्या पुढे जाता कामा नये. हा हिशेब मी उलटा, म्हणजे एकूण रकमेपासून मागे करत येते.

परदेशातल्या मराठी मित्रांना एक गोष्ट आवर्जून सांगते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे भारताबाहेर नेता येत नाही. त्यामुळे मुंबईच्या लिलावात जिंकलेली शिवराई न्यू जर्सीच्या घरी पोहोचणार नाही; त्यांनी लंडन किंवा अमेरिकेतल्या लिलावांत येणाऱ्या मराठा नाण्यांवरच लक्ष ठेवावे.