बाबांची सायकल

बाबा ७१ वर्षांचे, पण अजून मंडईत सायकलवरच जातात, सदाशिव पेठेतून तसं जवळच आहे म्हणा. मागच्या वर्षी गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा जुनी दांडीवाली काढली आणि लेडीज सायकल घेतली, पाय उंच टाकावा लागत नाही ना. आधी लाजले, आता स्वतःच मित्रांना सांगतात, सीट जरा वर घे रे, गुडघा कमी दुखतो. कॅरियरला क्रेट बांधलाय, त्यात मेथी, दूध, आईच्या गोळ्या. एकेकाळी पुणं सायकलींचं शहर होतं, आता सायकल ट्रॅकवर बाइका लावलेल्या असतात, मग बाबा उतरून, पुटपुटत, सायकल हातात धरून चालतात.