कास नको, कोथरूड चालेल

"फुलांचं एवढं वेड, मग दरवर्षी कासला जात असाल ना?" भाद्रपद आला की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. जाऊन आले आहे. पठार देखणं आहेच. २०१२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं ते उगीच नाही. पण तिथे आधी बुकिंग करायचं, मग गर्दीतून वाट काढायची, आणि फोटो झाले की परत गाडीत. अशाने फुलं दिसतात, ओळख होत नाही. माझी ओळख होते ती कोथरूडच्या आमच्या गल्लीत, दूध आणायला जाता-येता.

केना घ्या. सकाळी कंपाउंडच्या भिंतीच्या बुडाशी दोन निळ्याभोर पाकळ्या, खाली तिसरी छोटी, फिकट. दुपारी त्याच जागी या, काही नाही. पाकळ्या अक्षरशः विरघळून जातात. कमाल पुढेच आहे: केना जमिनीखालीही फुलतो. तिथली बारकी फुलं उमलतच नाहीत, बंद कळीत स्वतःचं परागण उरकून मातीतच बी धरतात. माळी वरचं कितीही उपटो, पुढच्या पावसाळ्यात केना हजर. याच्या पानांची भजी छान होतात. आमच्या गल्लीतला मात्र तोडू नका, ती कुत्र्यांची जागा आहे.

त्याच्या शेजारी फरशीच्या फटीत आंबुशी. लहानपणी तिची आंबट पानं आपण सगळ्यांनीच चघळली असतील. तिच्या पिवळ्या फुलांवर नखाएवढं निळसर फुलपाखरू घिरट्या घालत असतं, ते नुसतं मधासाठी नव्हे. त्याच्या अळ्या आंबुशीचीच पानं खाऊन वाढतात. फट सिमेंटने बुजवली की दोघंही गेली.

टणटणीचा गुच्छ एकदा नीट बघा. मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. फूल उमलतं पिवळं आणि जुनं झालं की गुलाबी होतं. मध मुख्यतः पिवळ्यात असतो, हे फुलपाखरांना बरोबर कळतं.

"पण हे सगळं तणच ना?" हाही प्रश्न येतो. हो, आणि प्रत्येक तणाचं कौतुक करावं असं मी म्हणत नाही. गाजर गवत दिसलं की फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावं. ते भारतात पसरायला लागलं ते १९५०च्या दशकात, नोंद आपल्या पुण्यातली, आणि अंगाला खाज सुटते ती वेगळीच. माझा खरा राग मात्र कॉसमॉसवर आहे. टेकडीवर नारिंगी फुलांपुढे उभं राहून लोक 'रानफुलं' म्हणून सेल्फी काढतात. तो मूळचा मेक्सिकोचा, आपल्याकडे बागेतून निसटलेला. एकदांडीही परदेशीच की, असं कोणी म्हणेल. खरंय. पण ती गवतात अंग चोरून राहते. हा कमरेएवढा वाढतो आणि खालचा तेरडा, सोनकी झाकून टाकतो. फोटो खुशाल काढा, बी तेवढं खिशातून घेऊन दुसऱ्या टेकडीवर उधळू नका.